विनोद: संघाचे बळ आणि संघाची कसोटी

२५ जून १९८३ रोजी भारताने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला. त्या संघाचा पराक्रम जगाने पाहिला. त्यातील हास्यविनोद मात्र पुढे खेळाडूंच्या आठवणींतून कळला. १९७५ व १९७९ च्या स्पर्धांत मिळून भारताला केवळ पूर्व आफ्रिकेविरुद्ध एकच विजय लाभला होता. त्यामुळे चोवीस वर्षांचे कर्णधार कपिल देव जिंकण्याची भाषा बोलू लागले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले. नवविवाहित कृष्णमाचारी श्रीकांत यांच्या लेखी तर ही स्पर्धा म्हणजे अमेरिकेतील मधुचंद्राच्या वाटेवरचा एक मुक्काम होता! पुढे ही हकिकत त्यांनी स्वतःच अनेकदा हसत सांगितली. अंतिम सामन्यात त्यांच्याच ३८ धावा सर्वाधिक ठरल्या.

विनोदाने सामना जिंकला, असे कोणी म्हणणार नाही. १८३ धावांचे रक्षण मदनलाल आणि मोहिंदर अमरनाथ यांच्या गोलंदाजीने केले. परंतु मोकळेपणाने हसणाऱ्यावर अपयशाचे दडपण कमी पडते. जेथे कर्णधाराचीही थट्टा करता येते, तेथे त्याची चूक दाखवण्याचे धैर्यही कनिष्ठांना होते.

याच शस्त्राची दुसरी धार इंग्लंडमधील यॉर्कशायर क्लबात दिसली. तेथे चेतेश्वर पुजारा यांचे नाव उच्चारण्याचे कष्ट टाळून त्यांना ‘स्टीव्ह’ म्हटले जाई. कराचीत जन्मलेले माजी खेळाडू अझीम रफीक यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे वांशिक अवहेलनेची साक्ष दिली. क्लबच्या चौकशीत तसे काही शेरे खेळीमेळीची थट्टा मानले गेल्याचे उघड होताच संताप उसळला. पुरस्कर्ते दुरावले, अध्यक्षांना पद सोडावे लागले.

दोन्हीकडे हास्य होते. अंतर दिशेचे होते. श्रीकांत स्वतःवर हसले आणि संघ जवळ आला. यॉर्कशायरमध्ये अनेकजण एकावर हसले आणि तो एकटा पडला. ज्याची थट्टा होते, त्याला तितक्याच मोकळेपणी उलट थट्टा करता येते काय, हीच विनोदाची खरी कसोटी.

पेढीवरील नवा मुनीम, घरात नुकतीच आलेली सून किंवा अडखळत बोलणारे मूल बहुधा मूकपणे हसते. ते हास्य आनंदाचे की नाइलाजाचे, हे ओळखणे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय.