पाण्याच्या बोअरला तेलाचा वास

बोअरची गाडी दीड-दोनशे मीटर खाली गेलेली असते. वर फेकल्या जाणाऱ्या गाळाला अचानक रॉकेलसारखा वास येऊ लागतो आणि बादलीतल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. कुणीतरी मोबाइल काढतं, आणि संध्याकाळपर्यंत ‘तेल लागलं!’ ही बातमी सगळीकडे झालेली असते. सोमालिया, सोमालीलँड, इथिओपियाचा सोमाली प्रांत अशा सोमाली मुलखांतून ही बातमी अधूनमधून येत असते. ती हसण्यावारी नेऊ नये, कारण तिथलं भूशास्त्र गावकऱ्यांच्या बाजूनं आहे. फक्त तेल दिसणं आणि तेलाचा साठा हाती लागणं यांत किती वर्षं जाऊ शकतात, हेही त्याच मुलखाकडून शिकावं.

नकाशात एडनचं आखात पाहा. वर येमेन, खाली सोमाली किनारा. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी हे आखात उघडू लागलं. त्याआधी दोन्ही किनारे एकमेकांना लागून होते. ज्युरासिक काळात या सलग भूमीत खोल खचदऱ्या तयार झाल्या, त्यांत समुद्राचा गाळ साचला आणि त्या गाळातल्या सेंद्रिय द्रव्याचं पुढे तेल झालं. येमेनमध्ये १९८४ साली मारिब भागात हंट ऑइल या अमेरिकी कंपनीला तेल सापडलं, तेव्हा साहजिकच सगळ्यांची नजर आखाताच्या पलीकडे गेली. कोनोको, अमोको, शेव्हरॉन, फिलिप्स या कंपन्यांनी सोमालियातले मोठमोठे भूभाग शोधासाठी घेतले. जानेवारी १९९१मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली, यादवी पेटली आणि यंत्रं जागच्या जागी थांबली.

खरं तर शोध त्याहून कितीतरी जुना आहे. बेर्बेरा बंदराच्या आग्नेयेला दगा शाबेल नावाची जागा आहे. तिथं जमिनीतून आपसूक झिरपणारं तेल १९१२पासून ठाऊक आहे. तो भाग तेव्हा ब्रिटिश सोमालीलँड होता. १९५९ साली स्टँडर्ड व्हॅक्युम कंपनीनं तिथं विहिरी खोदल्या. त्यांतल्या एकीतून थोडं तेल वरही आलं. साठा मात्र हाती लागला नाही. २०१२ साली सोमालियातल्या पुंटलँड या राज्याच्या धरूर खोऱ्यात ‘शाबील’ नावाची विहीर खोदली गेली. जगभर गाजावाजा झाला, पण धंद्याला पुरेल इतकं तेल मिळालं नाही. इथिओपियाच्या ओगादेनमध्ये कालूब इथला नैसर्गिक वायू १९७०च्या दशकातच सापडला होता. तिथल्या हिलाला भागात रोज ४५० पिंपांचं चाचणी उत्पादन सुरू झाल्याची घोषणा झाली ती २०१८मध्ये. दरम्यान एप्रिल २००७मध्ये ओगादेनच्याच अबोले इथं चिनी कंपनीच्या शोधतळावर बंडखोरांनी हल्ला केला आणि सत्तरहून अधिक माणसं मारली गेली. तेव्हा बोअरमध्ये तेल दिसलं की तिथल्या जाणत्या माणसाला आनंदाबरोबर धाकधूकही वाटली, तर नवल नाही.

आता पाण्याच्या बोअरमध्ये तेल येतं कुठून? सेंद्रिय गाळाचं तेल व्हायला साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमान लागतं. एवढी ऊब बहुतेक ठिकाणी दोन ते चार किलोमीटर खोलीवर मिळते. पाण्याची बोअर त्या खोलीच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणजे दोनशे मीटरवर भेटलेलं तेल खालून, भेगांमधून वाट काढत आलेलं असणार. यातून दोन उलट अर्थ निघतात. खाली तेल तयार झालं आहे, ही चांगली खूण. पण ते इतकं वर आलं, याचा अर्थ त्याला खाली अडवून धरणारा मातीचा किंवा मिठाचा घट्ट थर कुठंतरी फुटला आहे. साठ्यासाठी भिजलेला दगड जितका हवा, तितकंच वरचं झाकणही हवं. ही दुसरी बाजू बातमीत सहसा येत नाही.

शिवाय वास आणि तवंग दोन्ही फसवतात. पहिला संशय घ्यावा तो बोअरच्या गाडीवरच. दगड फोडणाऱ्या हॅमरला वंगण लागतं आणि ते दाबाच्या हवेबरोबर थेट भोकातच जातं. कॉम्प्रेसरचं डिझेल गळतं, हायड्रॉलिकची नळी फुटते. दुसरा संशय जिवाणूंवर. लोहयुक्त पाण्यावर जिवाणूंमुळे जी चकाकती साय धरते, ती आपल्याकडच्या वापरात नसलेल्या विहिरींवरही दिसते. ओळखायची युक्ती सोपी आहे: काडीनं तवंग ढवळावा. जिवाणूंची साय तडकून तिचे कोनदार तुकडे होतात आणि ते तसेच तरंगत राहतात. तेलाचा तवंग फाटतो आणि लगेच पुन्हा मिळून येतो. तिसरी गोष्ट गंधकाच्या वासाची. सोमाली पठारावर जिप्सम आणि अ‍ॅनहायड्राइटचे जाड थर आहेत. त्यांतल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सोडतात. हा वास कच्च्या तेलालाही येऊ शकतो, म्हणून नाकावर निकाल सोडता येत नाही.

निकाल लागतो प्रयोगशाळेत. डिझेल हा शुद्धीकरण कारखान्यात कापून काढलेला एक ठरावीक पट्टा असतो. कच्च्या तेलात हलक्यापासून डांबरी जडापर्यंत सगळं असतं. गॅस क्रोमॅटोग्राफच्या आलेखात हा फरक चटकन कळतो. त्याशिवाय कच्च्या तेलात होपेन, स्टेरेन असे रेणू सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या आणि शेवाळांच्या पेशींचे ते अवशेष. डिझेलमधून ते बहुतांशी गाळले गेलेले असतात. त्यांच्यावरून तेल कोणत्या प्रकारच्या गाळापासून झालं, याचाही अंदाज करता येतो. यासाठी नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून घ्यावा लागतो. डिझेलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरलेला नमुना शंभर टक्के डिझेलच दाखवणार!

तोवर बोअरपाशी काय करायचं? सगळ्यात आधी विड्या-सिगारेटी आणि इंजिनं बंद. तेलाच्या विहिरीवर उफाळा रोखायला भक्कम झडपा असतात. पाण्याच्या बोअरवर तसलं काही नसतं. आफ्रिकेतच, मालीमधल्या बुराकेबुगू गावी १९८७ साली पाण्यासाठी बोअर घेतली. १०८ मीटरपर्यंत पाणी नाही, भोकातून वारा मात्र येत होता. एक कामगार तोंडात सिगारेट धरून आत डोकावला आणि स्फोट होऊन भाजला. तो वायू म्हणजे जवळपास शुद्ध हायड्रोजन निघाला. बोअर बुजवली गेली आणि कितीतरी वर्षांनी तिच्यावर गावात वीज तयार झाली. शेवट गोड म्हणून ही गोष्ट हौसेनं सांगितली जाते. पण गावाला हवं असलेलं पाणी त्या भोकातून आलं नाही, हे सांगणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

मला सोमाली बातम्यांतही हेच खटकतं. सोमालियात बारमाही म्हणाव्यात अशा नद्या दोनच, जुबा आणि शबेले, आणि त्याही दक्षिणेत. उत्तरेत सगळी भिस्त ‘गू’ आणि ‘देयर’ या दोन पावसांवर, सिमेंटच्या ‘बर्कद’ टाक्यांवर आणि विहिरींवर. २०२०च्या अखेरीपासून सलग पाच पावसाळे कोरडे गेले, लाखो जनावरं मेली. जिप्सममधलं पाणी बऱ्याच ठिकाणी इतकं खारट-कडू, की उंट पितो पण शेळ्या आणि माणसं तोंड फिरवतात. अशा ठिकाणी शेकडो मीटर खोदून गोडं पाणी मिळणं हीच लॉटरी. त्यात तेल निघालं तर ती बोअर गेली. ती सिमेंटनं नीट बुजवावी लागते, नाहीतर तेल वरच्या पाणथरात शिरून शेजारच्या विहिरीही नासतात.

आणि तेल खरोखर निघालं, तरी मालक कोण? सोमालियाच्या २०२०च्या पेट्रोलियम कायद्यात संघराज्याचा शब्द मोठा. पुंटलँडचं म्हणणं निराळं. सोमालीलँडनं तर १९९१पासून स्वतःला स्वतंत्र देश जाहीर केलं आहे. सूल आणि सनाग या भागांवर एकाहून अधिक सरकारांचा दावा आहे. गावाच्या वाट्याला काय येईल, हे या भांडणात फार खालच्या ओळीत येतं.

टेक्सासमधल्या कोर्सिकाना शहरानं १८९४ साली पाण्यासाठी बोअर घ्यायला लावली, तेव्हा १,०३५ फुटांवर तेल लागलं. टेक्सासच्या तेलधंद्याची सुरुवात तिथून धरतात. पण नगरपालिकेला पाणी हवं होतं. ठेकेदारानं तेलाचा थर केसिंग घालून बंद केला आणि पाणी लागेपर्यंत तो खाली खोदत राहिला. सोमाली गावाला हे जमणं अवघड. तिथली गाडी तेवढी खोल जात नाही, मदतीचा पैसा ठरावीक मीटरपुरता मंजूर झालेला असतो, आणि दुसऱ्या बोअरसाठी नव्यानं अर्ज करावा लागतो.