शेवटचे 48 तास आणि मोबाइल

मतदान संपण्याच्या वेळेआधीचे 48 तास प्रचार बंद. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधल्या कलम 126 चा हा नियम. त्यात सभा, मिरवणुका, टीव्ही, सिनेमा यांचा उल्लेख आहे, व्हॉट्सॲपचा नाही. भोंगे बंद होतात, खिशातला फोन मात्र वाजतच राहतो.

टप्प्याटप्प्याने मतदान असले की पेच वाढतो. 2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रात पाच टप्पे होते. 19 एप्रिलला नागपूर, चंद्रपूर मतदान करत होते. मुंबईची पाळी 20 मेला. मुंबईतली सभा कायदेशीर, पण तिचे थेट प्रक्षेपण नागपूरच्या मतदाराला घरबसल्या दिसणारच.

2019 मध्ये समाजमाध्यम कंपन्यांनी ऐच्छिक आचारसंहिता स्वीकारली. निवडणूक आयोगाने कळवल्यास या 48 तासांतला प्रचाराचा मजकूर तीन तासांत हटवायचा, असे ठरले. पैसे देऊन केलेल्या राजकीय जाहिरातीला पूर्वप्रमाणनही लागते. खरी पळवाट पुढेच आहे: कार्यकर्त्याने गावच्या ग्रुपवर फुकट ढकललेली क्लिप जाहिरात ठरत नाही. ती कुणाकडून निघाली, तेही कळत नाही. मतदाराला शांतपणे विचार करायला मिळावे म्हणून ठेवलेली मुदत तिथेच वाया जाते, आणि हे मला फार गंभीर वाटते.