बोटाखाली उलगडणारी कथा

छापील पानाने चित्रकथेला दोन बंधने घातली होती. पानाची चौकट तिला ओलांडता येत नसे, आणि संपादकाची रजा मिळाल्यावाचून त्या पानावर पाऊलही ठेवता येत नसे. ही दोन्ही बंधने एकदम सुटण्याचा योग दक्षिण कोरियात आला, आणि तो सुबत्तेच्या नव्हे, पडझडीच्या काळात आला. १९९७ च्या आर्थिक अरिष्टाने बाजार खचला होता. 'मान्ह्वा' या नावाने ओळखली जाणारी तिथली छापील चित्रकथा, विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणून वाचण्याच्या प्रघातामुळे आणि त्याच वर्षी अमलात आलेल्या युवक-संरक्षण कायद्याच्या जाचामुळे क्षीण होत चालली होती. आणि नेमक्या त्याच सुमारास वेगवान इंटरनेट घराघरांत पोहोचत होते.

छापील नियतकालिकांत जागा न मिळालेल्या कांग फुल या तरुणाने स्वतःच्या संकेतस्थळावर चित्रे मांडण्यास आरंभ केला, आणि २००३ मध्ये 'दाउम' या संस्थेच्या व्यासपीठावर त्यांची 'सुनजोंग मान्ह्वा' ही दीर्घ प्रेमकथा क्रमशः येऊ लागली. पाने उलटण्याची रीत सोडून ती एका लांब पट्टीसारखी वरून खाली उतरत होती. पुढल्याच वर्षी 'नेव्हर' या संस्थेने आपले दालन उघडले, २००६ पासून कोणाही होतकरू चित्रकाराला तिथे आपली कथा मांडण्याची मुभा दिली, आणि 'वेबटून' हा शब्द रूढ झाला.

या उभ्या मांडणीचे मर्म तिच्या कोऱ्या जागेत आहे. पात्र दाराच्या कडीला हात घालते. त्यानंतरचे चित्र दिसण्यापूर्वी वाचकाचे बोट रिकाम्या अवकाशातून सरकत राहते, आणि हा अवकाश जितका दीर्घ, तितका दारापलीकडचा क्षण अधिक भारलेला होतो. छापील पानावर पुढचे चित्र डोळ्याच्या कोपऱ्यातून आधीच दिसून जाते. इथे ते दडवून ठेवता येते. चित्रकाराला काळ मोजण्याचे असे माप पूर्वी मिळाले नव्हते.

या माध्यमाची प्रौढता पाहावयाची असेल, तर यून ते-हो यांची २०१२-१३ मधील 'मिसेंग' पाहावी. सोंगट्यांच्या बादुक या खेळात व्यावसायिक होण्याचे स्वप्न भंगलेला एक तरुण एका व्यापारी कंपनीत उमेदवारी करतो, एवढेच तिचे कथानक. परंतु १९८९ च्या इंग चषकाच्या अंतिम लढतीत चो हुन-ह्यन यांनी ज्या निर्णायक डावात न्ये वेइपिंग यांना नमविले, त्या डावाच्या १४५ चाली लेखकाने आधाराला घेतल्या आणि एकेका चालीवर एकेक प्रकरण उभारले. हिशेबाचे कागद, वरिष्ठांची बोलणी आणि रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे यांतून त्यांनी कारकुनी जीवनाला जी प्रतिष्ठा दिली, ती कोणत्याही साहित्याला भूषणावह ठरावी.

परंतु या वैभवाचा भार ज्या हातांवर आहे, त्यांचाही विचार झाला पाहिजे. प्रत्येक आठवड्याला एक भाग हा इथला दस्तूर, आणि एका भागात साठ-सत्तर रंगीत चौकटी ही साधारण अपेक्षा. आधी 'कोंती' म्हणजे कच्चा आराखडा, मग रेषा, रंग, पार्श्वभूमी आणि संवाद, हे सारे सात दिवसांत उरकते न उरकते, तोच पुढचा आराखडा समोर येतो. २०१३ मध्ये नेव्हरने जाहिरात आणि विक्री यांच्या उत्पन्नात निर्मात्यांना वाटा देण्याची तजवीज केली, आणि जून २०२४ मध्ये तिच्या वेबटून-व्यवसायाचे समभाग अमेरिकेतील नॅसडॅकवर प्रत्येकी २१ डॉलरना विकले गेले. या दोन वर्षांच्या दरम्यान, २०२२ मध्ये, 'सोलो लेव्हलिंग' या वेबटूनचे चित्रकार जांग सुंग-राक वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने निवर्तले. त्यांना जुनी व्याधी होती. तरीही त्यांच्या निधनानंतर साऱ्या व्यवसायाला आपल्या श्रमांचे माप पुन्हा तपासावेसे वाटले.

ज्या व्यासपीठाने प्रवेशासाठी कोणाची रजा मागण्याचे कारण ठेवले नाही, त्याने विश्रांतीची रजाही करारात हक्काने लिहून द्यावी. आणि एखाद्या आठवड्यात कथेचा भाग आला नाही, तर आपण वाचकांनी कुरकुर न करता पुढच्या आठवड्याची वाट पाहावी.