सुचते कुठून?

गावात कुणी चार ओळी जुळवू लागला, भजनाला नवी चाल लावू लागला किंवा शाळेतल्या पोरांचे नाटक बसवू लागला, की लोक हमखास विचारतात, "हे सुचतं तरी कुठून?" रान नुसते नांगरून पीक येत नाही, बी लागते. लिहिणाऱ्याचे बी म्हणजे त्याने वाचलेले आणि ऐकलेले. मी अधूनमधून गोष्टी लिहितो, म्हणून सध्या माझ्या उशाशी काय आहे आणि कानावर काय आहे, ते सांगतो. नांदेड-लातूरकडच्या मंडळींना त्यातले बरेच घरचेच वाटेल.

उशाशी पहिले पुस्तक ना. धों. महानोरांचे, 'रानातल्या कविता'. पळसखेडच्या या शेतकऱ्याचा हा संग्रह 1967 सालचा. पुढे 1977 च्या 'जैत रे जैत' चित्रपटाची गाणी त्यांनी लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना चाली दिल्या आणि ती घराघरांत पोचली. महानोर 2023 साली गेले. शेतीवर लिहायचे म्हणजे रडगाणेच गायला हवे असे नाही, हे मला त्यांनी शिकवले.

दुसरे पुस्तक आपल्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे, 'धार आणि काठ'. मराठी कादंबरीवरचे हे पुस्तक थोडे जड आहे. मी एका बैठकीला पाच-सहा पानेच वाचतो. पण कुरुंदकरांचे आयुष्य ठाऊक असले, की पुस्तकाची भीती जाते. इंटरच्या परीक्षेत नापास झालेला हा माणूस पुढे शाळामास्तर झाला आणि नांदेडच्याच पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. नाट्यशास्त्रापासून राजकारणापर्यंत कशावरही तो बोले. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांचे पत्रच प्रस्तावना म्हणून छापले आहे. शिवाजी महाराजांवर लिहिताना लेखकाने कोणते प्रश्न विचारावेत, हे त्यात कळते. कादंबरी घरात असेल तर ते पत्र चुकवू नका. 1982 साली, वयाच्या पन्नाशीच्या आतच, ते गेले. माझी गोष्ट लिहून झाली की मी स्वतःला विचारतो, कुरुंदकरांनी यावर काय शंका काढली असती? मग दोन पाने तरी फाडावी लागतात.

शंकर पाटलांच्या कथा मात्र मोठ्याने वाचायच्या. 1985 साली नांदेडला साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. त्यांची भाषा कोल्हापूरकडची, तरी जेवणानंतर वाचायला बसले की आमच्या घरी म्हातारी माणसेही हसून बेजार होतात.

आता कानाचे. लातूर जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानची चक्री भजनाची परंपरा आहे. ती ज्याने ऐकली, त्याला ठेका म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. आमच्याकडच्या लिंगायत घरांतून मन्मथस्वामींचे 'परमरहस्य' वाचतात. त्या पोथीचा संथ सूर कानात असला, की वाक्य लिहिताना घाई होत नाही.

पण सगळ्यांत मोठा साठा जात्यावरच्या ओव्यांचा. त्यांत ज्वारी आहे, तूर आहे, माहेरची वाट आहे, पंढरी आहे. सोयाबीनची ओवी मात्र माझ्या कानावर आजवर आली नाही. येणार कशी? सोयाबीन आपल्या रानात पसरले, तोवर पिठाची गिरणी गावात आली होती आणि जाते कोपऱ्यात गेले होते. आमच्या आळीतल्या एका आजींना ओव्यांचा तोटा नव्हता. त्या गेल्या. त्यांच्या लेकीला आज चाल येते, शब्द येत नाहीत.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सोबत्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि काही ऐकायलाही मिळतात. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज तिथे आहे. लिहायला बसण्यापूर्वी हल्ली मी तोच ऐकतो.

तुमच्या घरी आजी असेल तर या सुगीनंतर एक वही घाला. "ओवी म्हणा" असे म्हटले की बायका लाजतात, "आता कुठं आठवतंय" म्हणतात. त्यापेक्षा जाते पुसून मांडा, मूठभर डाळ भरडायला द्या. हात फिरू लागला की ओवी आपोआप येते. मध्ये अडवू नका, चुका काढू नका. मोबाईलवर आवाज धरून ठेवा आणि रात्री सावकाश उतरवून घ्या. वहीत ओवीखाली आजीचे नाव, तिच्या माहेरच्या गावाचे नाव आणि ती ओवी कुणाकडून आली, एवढे लिहा. लेकी-सुनांपैकी कुणाला सोयाबीनवर ओवी सुचली, तर तीही त्याच वहीत लिहायची.