कोकरू जगवण्याची पस्तीस वर्षं

दख्खनच्या पठारावरची मेंढी पिढ्यान्‌पिढ्या एका वेतात एकच कोकरू देत आली. क्वचित जुळं झालं तर वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळावर, त्याचं कौतुक व्हायचं, पण त्याच्यावर कुणी हिशेब बांधत नसे. १९९० नंतरच्या पस्तीस वर्षांत हे चित्र पालटू लागलं. फलटण परिसरात आणि त्याच्या बाहेरही जुळी देणाऱ्या मेंढ्या आता अनेक कळपांत दिसतात. पशुवैद्यक म्हणून माझा वावर याच पट्ट्यात राहिला. या काळाचा मागोवा घेताना एक गोष्ट मला पक्की वाटते. कोकरांची संख्या वाढवायला आपण जेवढी बुद्धी आणि पैसा लावला, तेवढा ती जगवायला लावला नाही. आणि कोकरू जगवण्याची विद्या ज्यांच्या हातात होती, त्या धनगर बायांना आपण फार उशिरा विचारलं.

नव्वदच्या आधीचा काळ आधी डोळ्यांपुढं आणला पाहिजे. मृगाचा पाऊस झाला, माळावर गवत फुटलं की मेंढ्या माजावर येत. मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ ते १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा. जून-जुलैत फळलेली मेंढी कार्तिक-मार्गशीर्षात व्यायला येणार, आणि नेमके हेच दिवस वाडे वाटेला लागण्याचे. दसरा-दिवाळी उरकली की माण-फलटणकडचे वाडे घाट उतरून कोकणात जायचे. पारनेरच्या ढवळपुरीकडचे वाडेही तीच दिशा धरायचे. त्यामुळं वेताची तयारी म्हणजे मुख्यतः वाटेची तयारी होती. कुठल्या गावाला पाणी आहे, कुणाचा भुईमूग निघालाय, कुणाला खतासाठी शेतात मेंढ्या बसवून हव्यात, यावर मुक्काम ठरायचे. अवघडलेल्या मेंढ्यांना कळपाच्या मागं सावकाश चालवायला म्हातारं, जाणतं माणूस नेमलेलं असायचं. वाटेत जन्मलेली कोकरं घोड्यावरच्या बिऱ्हाडात, नाहीतर खांद्यावरच्या घोंगडीत बसून पुढच्या मुक्कामाला पोचायची.

मुक्कामावर मेंढी व्यायला लागली की काम बायांच्या हाती यायचं, आजही येतं. मेंढी कळपातून बाजूला होते, खुरानं जमीन उकरते, बसते, उठते. जाणती बाई लांबूनच बघत राहते, उगाच हात घालत नाही. कोकरू पडलं की पुढं होऊन नाकातोंडातला चिकटा बोटानं काढते. श्वास धरला नाही तर गवताची काडी नाकपुडीत फिरवून शिंक आणवते. मग ते ओलं कोकरू तसंच मेंढीच्या तोंडाशी ठेवते. चाटताना मेंढीला त्याचा वास पक्का बसतो आणि पुढं शंभर कोकरांत ती आपलं ओळखते. त्यानंतर बाई कासेखाली हात घालते आणि दोन्ही सडांची पहिली धार जमिनीवर काढते. सडाच्या तोंडाशी घट्ट झालेला बूच निघाला नाही तर अशक्त कोकरू कितीही ओढलं तरी उपाशी राहतं. कोकराच्या पोटात चीक गेला आणि जार पडला, की मगच ती दुसऱ्या कामाला लागते. आम्ही पुस्तकात जे शिकलो त्यातलं बहुतेक सगळं या अर्ध्या-पाऊण तासात तिच्या हातून होऊन जातं.

त्या काळी मेंढी लोकरीसाठीही पाळली जायची. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. घोंगडीचा वापर घटला तसा लोकरीचा भाव इतका पडला की कातरणीचा खर्चही त्यातून निघेना. जत तालुक्यातल्या माडग्याळची उंच, पोपटनाकी मेंढी मागणीत आली ती अंगानं मोठी आणि वाढीला चपळ म्हणून. तिच्या अंगावर लोकर जवळजवळ नसते. आता मेंढपाळाचं उत्पन्न म्हणजे तीन-चार महिन्यांचं, बाजारात नेता येईल असं कोकरू. लोणंदच्या बाजारात किती कोकरं उतरवली, यावर घरचं वर्ष ठरू लागलं. एक कोकरू दगावणं म्हणजे त्या मेंढीचं वर्षभराचं उत्पन्न जाणं.

याच वळणावर फलटणला एक मोठं काम उभं राहिलं. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९९० साली पशुसंवर्धन विभाग सुरू झाला. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न असा मांडला, की चराऊ रान घटत असताना मेंढ्यांची संख्या न वाढवता कोकरं कशी वाढतील? उत्तर सुंदरबनात मिळालं. तिथली गरोळ मेंढी अगदी लहानखुरी, दख्खनी मेंढीच्या निम्म्याहूनही कमी वजनाची, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यात ‘फेकबी’ नावाचं जनुक आहे. १७९२-९३ च्या सुमारास कोलकात्याहून जहाजानं बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिथल्या बहुप्रसवा ‘बुरूला’ मेरिनो मेंढ्यांत हे जनुक बहुधा त्यांच्यातूनच आलं. २००१ साली या जनुकातला नेमका बदल सापडला, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीनं रक्ताच्या नमुन्यावरून तो ओळखणं शक्य झालं. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांचीही या कामात साथ होती. गरोळचं जनुक घ्यायचं पण अंगकाठी दख्खनीचीच ठेवायची, अशा बेतानं पिढ्यान्‌पिढ्या संकर करून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. जनुकाची एक प्रत असली की बऱ्याच वेळा जुळं होतं. दोन प्रती असल्या तर तिळ्यांचं प्रमाण वाढतं, आणि ती मेंढपाळाला झेपत नाहीत. म्हणून दोन प्रतींचा नर कळपात सोडायचा आणि एक प्रत असलेल्या माद्या मिळवायच्या, ही रीत बसली. पुढं ही मेंढी कर्नाटकातही पोचली.

हे काम मला फार मोलाचं वाटतं. पण जुळी जन्माला येऊ लागली तशी जुनी तयारी अपुरी पडू लागली. एकटं कोकरू साधारण अडीच-तीन किलोचं असतं, जुळ्यातलं त्याहून हलकं. हलकं कोकरू लवकर गारठतं, आणि त्याच्या वाट्याला सडही एकच येतो. पोटातल्या कोकराची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्याच दिवसांत वाढत्या गर्भामुळं मेंढीच्या पोटात चाऱ्याला जागा कमी उरते. पोटात दोन असतील आणि खुराक नसेल तर मेंढी अंगातली चरबी जाळू लागते, सुस्तावते, खाणं सोडते आणि व्यायच्या आधीच बसते. हा गाभण मेंढीचा विषार. एका कोकराच्या दिवसांत तो आम्हाला क्वचितच दिसायचा.

म्हणून या काळात जी गोष्ट खऱ्या अर्थानं बदलली ती शेवटच्या सहा आठवड्यांची खुराकी. मक्याचा भरडा आणि पेंड मिळून रोज पाव किलोच्या आसपास, जोडीला तुरीची गुळी, भुईमुगाचा पाला, बाभळीच्या शेंगा. ज्यांनी हे केलं त्यांच्या मेंढ्या व्यायच्या आधीच कास धरू लागल्या आणि त्यांची कोकरं उभ्यानं दूध ओढू लागली. ज्यांच्याकडं उसाच्या वाढ्यांशिवाय दुसरं काही नव्हतं, त्यांच्याकडं जुळ्यातलं एक जायचंच. वाढ्यांतलं ऑक्झलेट अंगातला चुना बांधून ठेवतं, म्हणून गाभण मेंढीला निव्वळ वाढ्यांवर ठेवणं धोक्याचं.

दुसरा बदल चिकाबद्दलच्या समजुतीत झाला. चीक पाजायचा असतो हे वाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. तो किती आणि कधी, याचा हिशेब नव्यानं कळला. मेंढीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं पोटातल्या कोकराकडं जात नाहीत, त्यामुळं जन्मताना ते पूर्ण उघडं असतं. ही द्रव्यं चिकातून मिळतात, आणि आतड्यांतून ती शोषली जातात जेमतेम पहिल्या २४ तासांत, सर्वांत जास्त पहिल्या काही तासांत. अडीच किलोच्या कोकराच्या पोटात पहिल्या दोन तासांत साधारण सव्वाशे मिलि आणि दिवसभरात अर्धा लिटर चीक गेला पाहिजे. मेंढीला कमी असेल तर त्याच दिवशी व्यायलेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चालतो. आंत्रविषाराची लस मेंढीला व्यायच्या महिना-दीड महिना आधी टोचायची, ती याच कारणानं. लसीचा गुण चिकातून कोकराला मिळतो. नाळेला टिंक्चर आयोडीन लावण्याची सवयही या वर्षांत रुजली. त्यानं बेंबी सुजणं आणि पुढं सांधे धरणं पुष्कळ आटोक्यात आलं.

पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची गोष्ट वेगळी. १९८७ साली तमिळनाडूत या रोगाची देशात पहिल्यांदा नोंद झाली, आणि पुढच्या काळात तो देशभर पसरला. मुक्तेश्वरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत तयार झालेली लस गावोगाव पोचल्यावर कळपच्या कळप झोपवणारं हे संकट बरंच ओसरलं. या पस्तीस वर्षांत सरकारी यंत्रणेनं वाड्यापर्यंत नेलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट असं मी म्हणेन.

गारठ्याच्या बाबतीत मात्र शिकवण उलट दिशेनं आली. कुकुडवाडकडच्या एका आजींनी मला सांगितलं होतं, “डॉक्टर, आदी तोंडात बोट घालून बघा. आत गार लागलं तर दूध पाजू नगासा. आदी ऊब द्या.” कोकराच्या अंगाचं तापमान १०२-१०३ फॅरनहाइट असावं लागतं. ते फार उतरलं की त्याला गिळता येत नाही आणि ओतलेलं दूध फुप्फुसात जातं. आजींची परीक्षा तंतोतंत खरी होती. शास्त्रानं त्यात एका गोष्टीची भर घातली. जन्मताना कोकराच्या अंगात एक खास चरबी असते, ती सुमारे पाच तास पुरते. त्या वेळेत गारठलेलं कोकरू पुसून, कोरडं करून आगटीजवळ ठेवलं तर सावरतं. पाच तासांहून मोठं, उपाशी कोकरू गारठलं असेल तर आधी डॉक्टरकडून ग्लुकोज द्यावं लागतं, नाहीतर नुसत्या शेकानं झटके येऊन ते जातं. वाड्यावरचं ज्ञान आणि प्रयोगशाळेतलं ज्ञान शेजारी बसलं की असं पूर्ण होतं. अशा बैठका फार कमी झाल्या, याची मला खंत वाटते.

जुळ्यांमुळं बायांचं कामही दुप्पट झालं. मेंढी कधी एक कोकरू घेते आणि दुसऱ्याला ढुसण्या मारते. मग दोन्ही कोकरांना जाराचं पाणी चोळून वास एक करायचा, मेंढीला दोन-तीन दिवस कोकरांसह वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, वेगळ्या कोपऱ्यात कोंडायचं, दोन्ही वेळा तिला धरून उभं राहायचं आणि अशक्ताला आधी पाजायचं. हे करताना चूल, पाणी, पोरं यांतलं काहीच कमी होत नाही. मेंढीपालनाच्या प्रशिक्षण शिबिरांत या काळात मी बहुतेक पुरुषच बसलेले पाहिले. कोकरांना पाजणाऱ्या बाया तेव्हा वाड्यावरच राहिलेल्या असायच्या.

२०१७ साली राज्यात राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आली. २० मेंढ्या आणि १ नर, त्यावर ७५ टक्के अनुदान, ही योजनेची मुख्य ओळख. तिचा अनेकांना आधार झाला. पण यशाचा हिशेब वाटलेल्या मेंढ्यांवर मांडला जातो. वेतानंतर तीन महिन्यांनी किती कोकरं जिवंत आहेत, हा आकडा कुठल्याही फलकावर दिसत नाही. माझ्या मते मोजायचा असेल तर तोच आकडा मोजावा.

कोकरं जगवण्याकडं झालेल्या या दुर्लक्षाची किंमत डिसेंबर २०२१ नं दाखवून दिली. महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि बोचरा वारा सुटला. पुणे, नगर, सातारा या जिल्ह्यांत उघड्या रानात बसलेल्या हजारो शेळ्या-मेंढ्या एका-दोन रात्रींत गारठून मेल्या. नेमका वेताचा हंगाम होता. गाभण मेंढ्या, नुकत्या व्यायलेल्या मेंढ्या, दोन दिवसांची कोकरं, सगळी भिजली. लस, खुराक, जनुक यांतलं काहीही त्या रात्री कामाला आलं नाही. एक कोरडा आडोसा असता तर त्यांतली कितीतरी वाचली असती.

पस्तीस वर्षांनंतर माझा निष्कर्ष असा. जुळं देणारी मेंढी मिळवणं ही अर्धीच लढाई होती, आणि ती आपण जिंकलो. उरलेली अर्धी व्यायच्या आधीच्या सहा आठवड्यांत आणि नंतरच्या दोन दिवसांत लढायची आहे. त्यासाठी प्रशिक्षणाला बायांना बोलवा, शिबिर वाड्यावरच भरवा, पावसाचा इशारा वाटेवरच्या वाड्याला वेळेत पोचवा. आणि जे शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कार्तिक-मार्गशीर्षात वाडा तुमच्या शेतात उतरला आणि आभाळ भरून आलं, तर गोठ्याचा एक कोपरा किंवा पत्र्याची शेड त्या रात्रीपुरती व्यायलेल्या मेंढ्यांसाठी मोकळी करून द्या.