छायाचित्राची पुष्पिका : शटरगणना आणि अदृश्य नोंदी

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिकाने लिहिलेली पुष्पिका आपणांस परिचित असेल. शक, तिथी, स्थळ व लेखनिकाचे नाव तीत आढळते आणि पोथीचा काळ ठरविताना अभ्यासक प्रथम तिच्याकडे वळतो. डिजिटल छायाचित्रालाही अशीच पुष्पिका असते. ती चित्रात दिसत नाही. चित्राच्या फाइलमध्येच साठविलेली असते. या नोंदींचा 'एक्सिफ' हा प्रमाण आराखडा १९९५ साली जपानमध्ये तयार झाला. छायाचित्र टिपल्याचा दिनांक व वेळ, कॅमेऱ्याचे प्रारूप, भिंगाचे छिद्रमान, प्रकाशनकाळ आणि सोय चालू असल्यास स्थळाचे अक्षांश-रेखांश त्यात नोंदले जातात.

वापरलेला कॅमेरा विकत घेणाऱ्यास मात्र आणखी एक आकडा हवा असतो, तो म्हणजे शटरगणना. शटर म्हणजे प्रकाश-संवेदकासमोरील यांत्रिक पडदा. प्रत्येक छायाचित्रागणिक तो उघडतो, मिटतो आणि झिजतो. निकॉन कंपनीने डी ७५० या कॅमेऱ्याचे शटर १,५०,००० वेळा, तर डी ८५० चे २,००,००० वेळा चालवून तपासल्याचे जाहीर केले आहे. ही हमी नव्हे. शटर त्याआधीही निकामी होऊ शकते, नंतरही चालू राहू शकते. तरीही लग्नसराईत रोज हजार-दोन हजार छायाचित्रे टिपणाऱ्याचा कॅमेरा आणि हौशी माणसाने कपाटात जपलेला कॅमेरा बाहेरून सारखेच चकचकीत दिसत असतील, तर त्यांतील भेद हाच आकडा सांगतो. साठवलेली पुंजी घालून व्यवसाय आरंभणाऱ्यास हा भेद लहान नाही.

हा आकडा एक्सिफच्या प्रमाण रकान्यांत नसतो. प्रत्येक कंपनीला स्वतःच्या नोंदींसाठी 'मेकरनोट' नावाची मोकळी जागा दिलेली असते, तेथे तो शोधावा लागतो. निकॉन व पेंटॅक्सचे अनेक कॅमेरे तो तेथे लिहितात. कॅननची बरीच प्रारूपे छायाचित्रात तो लिहीत नाहीत. तेव्हा कॅमेरा संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने तो वाचावा लागतो. फिल हार्वे यांनी तयार केलेले 'एक्सिफटूल' हे विनामूल्य सॉफ्टवेअर मेकरनोट उलगडून दाखविते. त्यासाठी विक्रेत्याने पाठविलेले जुने छायाचित्र स्वीकारू नये. आपल्यासमोर नवे टिपून घ्यावे. फाइलच्या नावातील क्रमांकावर तर मुळीच विसंबू नये, कारण ९९९९ नंतर तो पुन्हा ०००१ पासून सुरू होतो.

पुष्पिकेबाबत अभ्यासक जी सावधगिरी बाळगतो, तीच येथेही हवी. नक्कल करणारा लेखनिक कधी मूळ पोथीची पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवितो आणि नव्या पोथीस जुना शक चिकटतो. त्याचप्रमाणे कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असेल, तर तोच चुकीचा दिनांक छायाचित्रात उमटतो. नोंदी नंतर बदलताही येतात. म्हणून छायाचित्रातील दिनांक हा दुवा मानावा, निर्णायक पुरावा नव्हे.

स्थळाची नोंद तर कधी धन्यावरच उलटते. २०१२ साली बेलीझच्या पोलिसांना चौकशीसाठी हवे असलेले जॉन मॅकॅफी अज्ञातवासात होते. एका नियतकालिकाने त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि त्यातील अक्षांश-रेखांशांवरून ते ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले. आपल्या घरी टिपलेले मुलाबाळांचे छायाचित्रही मूळ स्वरूपात कोणास पाठविल्यास घराचा ठावठिकाणा त्यासोबत जाऊ शकतो.

कृती : आपल्या मोबाइलवर टिपलेल्या एका छायाचित्राचा 'तपशील' उघडून त्यातील नोंदी वहीत उतरवा. तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवरून एकदा 'फोटो' म्हणून व एकदा 'डॉक्युमेंट' म्हणून परिचितास पाठवा. दोन्ही प्रतींत कोणत्या नोंदी उरल्या व कोणत्या गळाल्या, ते ताडून पाहा.