बाहुली एक, माणसे तीन

जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ तुम्ही पाहिला असेल. वरून दोऱ्या ओढल्या की बाहुली नाचते. जपानमधल्या ‘बुनराकु’ या खेळातल्या बाहुल्यांना मात्र वरून दोऱ्या नसतात. तिथे एका मोठ्या बाहुलीला तीन माणसे धरतात! एक जण डोके आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय. ही रीत ओसाका शहरात 1734 साली सुरू झाली.

मग ही माणसे लोकांना दिसत नाहीत का? दिसतात की! पण ती काळे कपडे घालतात, तोंडावरही काळा बुरखा घेतात. काळे म्हणजे ‘इथे कोणी नाही’ असे समजायचे. मुख्य माणूस मात्र पुष्कळदा तोंड उघडे ठेवतो. बाईच्या बाहुलीला बहुधा पायच नसतात. पाय धरणारा नुसता झग्याचा काठ हलवतो, आत मूठ धरून गुडघा दाखवतो, आणि लोकांना वाटतं बाई चालली! पाय शिकायला दहा वर्षे आणि डावा हात शिकायला आणखी दहा वर्षे लागतात, असे तिकडे म्हणतात. आपली सातवी त्यापेक्षा लवकर होते.

त्याच काळात जपानमध्ये लाकडी ठशांनी चित्रे छापत. त्यांना ‘उकियो-ए’ म्हणतात. ती स्वस्त असत, म्हणून साधी माणसेही विकत घेत. चित्रकार पातळ कागदावर चित्र काढी. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून रेघा सोडून बाकीचे लाकूड कोरून काढी. त्यात मूळ चित्र नाहीसे होई. मग छापणारा फळीला रंग लावून वर ओलसर कागद ठेवी आणि पाठीमागून घासे. 1765 पासून बहुरंगी चित्रे निघू लागली. साधारणपणे जितके रंग तितक्या फळ्या. फळीवर खुणेच्या खाचा असत, म्हणून कागद सरकत नसे.

लोकांना नाटके फार आवडत, म्हणून नाटकांची चित्रेही खूप खपत. 47 सामुराईंनी आपल्या मृत धन्याचा सूड घेतला, त्या खऱ्या घटनेवर 1748 साली ओसाकात ‘चूशिंगुरा’ हे बाहुल्यांचे नाटक आले. सरकारचा धाक होता, म्हणून गोष्ट चारशे वर्षे मागे नेली आणि नावे बदलली. पुढे होकुसाई आणि हिरोशिगे या मोठ्या चित्रकारांनी त्यातल्या प्रसंगांची चित्रे काढली.

पण गंमत बघा. नाटक बाहुल्यांचे, आणि या चित्रांत दिसतात खरी माणसे! काळ्या कपड्यांतले लोकही नाहीत, बाहुलीही नाही. दुसरी काही चित्रे मात्र याच्या अगदी उलट आहेत. काबुकी नाटकात जिवंत नट कधी कधी मुद्दाम बाहुलीसारखा ताठ हलतो आणि त्याच्या मागे बाहुली धरणारे उभे राहतात. अशा नटांचीही चित्रे छापली गेली. मला तीच जास्त आवडतात, कारण त्यांत मागची माणसे दिसतात.

चित्रावर चित्रकाराची सही आणि प्रकाशकाचा शिक्का असे. कोरणाऱ्याचे नाव बहुधा नसे. 1850 च्या सुमारास काही चित्रांवर तेही छापले जाऊ लागले.